मैल्याचा गाळ पाण्यातच जाळायचा: काय जमतं, कुठे अडतं

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं काम सुरू आहे. सगळ्यांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. बातम्या येतात त्या पाण्याच्या: किती शुद्ध होणार, समुद्रात किती सोडणार, पुन्हा वापरायला किती मिळणार. पण सांडपाणी शुद्ध करायचं म्हणजे त्यातली घाण वेगळी काढायची, आणि काढलेली घाण कुठेतरी ठेवावी लागतेच. तिचं नाव गाळ, केंद्रावरच्या माणसांच्या तोंडी ‘स्लज’. ढोबळ हिशेबाने दर दशलक्ष लिटर सांडपाण्यामागे दोनशे किलोच्या आसपास कोरडा गाळ निघतो. ही सातही केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला सुमारे ५०० टन. ट्रकमध्ये भरताना त्यात ८० टक्के पाणी असतं, म्हणजे उचलायचं वजन रोज अडीच हजार टनांच्या घरात जातं.

तिकडे अमेरिकेत गाळाची चर्चा वेगळ्याच कारणाने पेटली आहे. मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात गाळ टाकायलाच बंदी केली. गाळात ‘पीएफएएस’ नावाची रसायनं सापडली होती. नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारी कापडं, आग विझवायचा फेस यांत वापरली जाणारी ही रसायनं मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गाळातल्या यांपैकी दोन रसायनांच्या धोक्याबद्दलचा मसुदा अहवालही काढला. तेव्हापासून एक यंत्र पुन्हा पुन्हा चर्चेत येतं: गाळ न वाळवता, पाण्यातच, एका मिनिटाच्या आत जाळून टाकणारं. त्याचं लांबलचक नाव ‘सुपरक्रिटिकल वॉटर ऑक्सिडेशन’. ते कसं चालतं आणि चाळीस वर्षं माहीत असूनही गावोगाव का दिसत नाही, ते पाहू.

गाळ म्हणजे बहुतेक पाणीच

टाकीच्या तळातून गाळ निघतो तेव्हा त्यात घनपदार्थ एक ते चार टक्के असतात. दिसायला ते काळपट पाणीच. घट्ट करायच्या टाकीत ठेवला की पाच-सहा टक्क्यांपर्यंत जातो. सेंट्रीफ्यूजमधून किंवा प्रेसमधून काढला की २० ते २५ टक्के. याला ‘केक’ म्हणतात, आणि तो फावड्याने उचलता येतो. यापुढे पिळून पाणी निघत नाही, कारण उरलेलं बरंचसं पाणी जिवाणूंच्या पेशींच्या आत असतं.

घनपदार्थांचे दोन भाग. एक जळणारा: मेलेले जिवाणू, स्निग्ध पदार्थ, कागदाचे तंतू. दुसरा न जळणारा: वाळू, माती, क्षार, धातू. परदेशी पुस्तकांत जळणारा भाग ६० ते ७५ टक्के दिलेला असतो. आपल्याकडे उघड्या गटारांतून आणि पावसाळ्यात माती येत असल्याने हा आकडा बऱ्याचदा खाली असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वाळवून जाळला तर?

ओली लाकडं चुलीत घातली की काय होतं ते ठाऊक आहे: धूर होतो, फुंकून जीव जातो आणि भात काही शिजत नाही, कारण लाकडातली बरीच उष्णता लाकडातलंच पाणी उडवण्यात जाते. केकचं तसंच आहे. २२ टक्क्यांचा एक किलो केक घ्या. त्यात २२० ग्रॅम घनपदार्थ. त्यांपासून साधारण ३.३ मेगाज्यूल उष्णता मिळेल. उरलेलं ७८० ग्रॅम पाणी उडवायलाच दोन मेगाज्यूल लागतात. वर भट्टी ८५० अंशांना ठेवायची आणि चिमणीतून जाणारा धूरही तापवायचा. हिशेब जेमतेम जुळतो, तोही गाळ चांगला असेल तर. अशा भट्ट्या युरोपात आणि जपानात भरपूर आहेत आणि व्यवस्थित चालतात, पण त्यांच्या मागे धूर धुण्याची आणि गाळण्याची जी यंत्रणा लागते ती भट्टीइतकीच मोठी असते.

मग प्रश्न असा: पाणी उडवायचंच नाही, असं करता येईल का?

३७४ अंश आणि २२१ बार

दाब वाढवला की पाणी अधिक तापमानाला उकळतं. दाब वाढवत, तापमान वाढवत गेलात की एक टप्पा असा येतो की उकळणं ही गोष्टच उरत नाही. द्रव आणि वाफ यांत फरक राहत नाही, मधे पृष्ठभाग नाही, बुडबुडा नाही. हा टप्पा ३७४ अंश सेल्सिअस आणि २२१ बार दाबाला येतो. (एक बार म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका दाब.) त्याच्या पलीकडच्या पाण्याला सुपरक्रिटिकल म्हणतात.

ही स्थिती आपल्याला परकी नाही. नागपूरजवळ कोराडीला महानिर्मितीचे ६६० मेगावॉटचे तीन संच याच स्थितीतल्या पाण्यावर चालतात. फरक एवढाच, की कोराडीच्या बॉयलरमध्ये जाणारं पाणी इतकं शुद्ध केलेलं असतं की त्यात क्षाराचा मागमूस नसतो. इथे आपण त्याच स्थितीत मैल्याचा गाळ ढकलणार आहोत. सगळी डोकेदुखी या एका फरकातून येते.

या टप्प्याच्या आसपास पाणी किती झपाट्याने बदलतं ते पाहा. दाब २५० बार ठेवला, तर ३७५ अंशांना एक लिटर पाण्याचं वजन सुमारे ५०० ग्रॅम असतं. फक्त २५ अंशांनी तापवून ४०० वर नेलं की तेच १६७ ग्रॅम होतं. ६०० अंशांना जेमतेम ७० ग्रॅम. रेणू एकमेकांपासून लांब गेले की पाण्याचा स्वभावही उलटा होतो. एरवी पाण्यात मीठ विरघळतं आणि तेल विरघळत नाही. इथे तेल, चरबी, प्रथिनं सगळं विरघळतं आणि मीठ बाहेर पडतं. साध्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे आठेक मिलिग्रॅमच मावतो. इथे तो वाटेल त्या प्रमाणात मिसळतो. म्हणजे जळणारा पदार्थ आणि ऑक्सिजन एकाच मिश्रणात, रेणूला रेणू लागून. म्हणूनच हवेत जाळायला ८५० अंश लागतात ते काम इथे ५५० ते ६०० अंशांना, काही सेकंदांत होतं.

एक टन गाळाचा प्रवास

दहा टक्के घनपदार्थांचा एक टन गाळ धरू. पाच टक्क्यांच्या खाली गेलात तर जळायला पुरेसं काही नाही. पंधराच्या वर गेलात तर तो पंपाला जात नाही. म्हणजे काम करायची पट्टी मुळातच अरुंद आहे. केक आलेला असेल तर त्यात पुन्हा पाणी मिसळावं लागतं, ज्याचं पिळणाऱ्यांना वाईट वाटतं.

पहिलं काम दळण. गाळात केस असतात, कापडाचे धागे असतात, बिया असतात. केसांची दोरी वळली जाते आणि ती नेमकी पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकते. म्हणून आधी बारीक चाळणी, मग दळणयंत्र, कण मिलिमीटरच्या आत. मग पिस्टन पंप दाब २५० बारच्या आसपास नेतो. या पंपात गोळ्यांचे व्हॉल्व्ह असतात: गोळी उचलली की गाळ आत, गोळी बसली की बंद. वाळूचा एक खडा गोळीखाली राहिला की ती पूर्ण बसत नाही, फटीतून २५० बारचा झोत मागे सुटतो आणि काही तासांत बैठकीला खाच पडते. पंप बिघडला असं सगळे म्हणतात. खरं तर वाळू काढायची टाकी बिघडलेली असते.

पुढे गाळ तापवायचा. उष्णता येते ती यंत्रातून बाहेर पडणाऱ्या तप्त पाण्याकडून. दोघांमध्ये नळीची भिंत, एकाची उष्णता दुसऱ्याला: हा हीट एक्स्चेंजर. इथे दुसरा सापळा आहे. २५० ते ३७० अंशांच्या दरम्यान, ऑक्सिजन नसताना, गाळ सावकाश तापवला तर त्याचा कोळसा आणि डांबरासारखा चिकटा होतो आणि नळीला आतून लेप बसतो. उपाय दोन: हा टप्पा झटक्यात पार करायचा, किंवा गाळ फारसा तापवायचाच नाही. दुसऱ्या पद्धतीत साधं पाणी वेगळ्या वाटेने सुपरक्रिटिकल करून ऐन तोंडाशी गाळात मिसळतात.

मग रिअ‍ॅक्टर. बहुतेक रचनांत ही जाड भिंतीची लांब नळी असते. ऑक्सिजन किंवा दाबलेली हवा आत सोडली की जळणं सुरू होतं आणि तापमान आपोआप ६०० अंशांकडे चढतं. आत गाळ राहतो तो एका मिनिटाहून कमी. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी, आणि नायट्रोजन बराचसा हवेतल्यासारखाच नायट्रोजन वायू होऊन निघतो. अमोनिया मात्र चिवट आहे. तापमान ५०० च्या खाली घसरलं की तो तसाच बाहेर येतो. त्यामुळे चालवणारी माणसं बाहेरच्या पाण्यातल्या अमोनियावर नजर ठेवतात. तो वाढला म्हणजे आत काहीतरी थंड पडलंय.

शेवटी थंड करून दाब उतरवायचा. एकाच व्हॉल्व्हमधून २५० बार एकदम सोडले, आणि त्यात राखेचे बारीक कण असले, की तो झोत पोलाद कापतो. म्हणून लांब बारीक नळ्यांच्या घर्षणातून टप्प्याटप्प्याने दाब खाली आणतात आणि व्हॉल्व्हवर उरलासुरला भार ठेवतात.

पण तापवायला ऊर्जा तेवढीच लागते ना?

चांगला आक्षेप आहे, आणि जाहिरातींत याचं उत्तर सहसा धड दिलेलं नसतं. एक किलो पाणी खोलीच्या तापमानापासून २५० बारला ४०० अंशांवर न्यायला सुमारे २,४५० किलोज्यूल लागतात. तेच पाणी साध्या दाबाला तापवून वाफ करायला जवळपास २,५७० लागतात. म्हणजे फरक नावापुरता! मग ‘पाणी उडवावं लागत नाही’ याला अर्थ काय?

अर्थ असा की भट्टीत ती उष्णता वाफेबरोबर चिमणीतून जाते. ती परत मिळवायची तर वाफेचं पुन्हा पाणी करावं लागतं, आणि ते शंभर अंशांच्या खालीच होतं. तेवढ्या कोमट उष्णतेने गाळ वाळवायला थोडीफार मदत होते, बाकी काही नाही. दाबाखाली मात्र पाणी ज्या वाटेने तापतं त्याच वाटेने थंड होतं. ६०० अंशांना बाहेर पडणारं पाणी आपली उष्णता आत येणाऱ्या गाळाला ३८० अंशांपर्यंत तापवायला देऊ शकतं. उष्णता तेवढीच लागते, पण ती पुन्हा पुन्हा वापरता येते.

आपल्या एक टन गाळात जळणारा भाग ७० टक्के असेल तर ७० किलो. त्याला पूर्ण जाळायला साधारण १०० किलो ऑक्सिजन लागतो, आणि दर किलो ऑक्सिजनमागे १४ मेगाज्यूल उष्णता सुटते. एकूण १,४०० मेगाज्यूल. गाळ थंड स्थितीतून ६०० अंशांवर न्यायला ३,३०० हून अधिक लागतात. मधली तफावत हीट एक्स्चेंजर भरून काढतो. एकदा यंत्र तापलं की बाहेरचं इंधन लागत नाही; सुरू करताना मात्र गॅस किंवा वीज लागते आणि काही तास जातात. आता मघाचा मुद्दा: जळणारा भाग ७० ऐवजी ५० टक्के असेल तर उष्णता १,००० मेगाज्यूलवर येते. मग एकतर गाळ अधिक घट्ट करा, नाहीतर इंधन घाला.

मग वीजही तयार होते म्हणतात, ते?

१,४०० मेगाज्यूल म्हणजे उष्णतेची सुमारे ३९० युनिटं. छोट्या प्रमाणावर उष्णतेतून वीज काढली तर पंधरा-वीस टक्के हाती लागते, म्हणजे ६० ते ८० युनिटं. आता खर्च. एक टन गाळ २५० बारला पंप करायला दहा युनिटांच्या आसपास पुरतात, कारण पाणी दाबलं तरी आकसत नाही. खरा खर्च हवेचा. १०० किलो ऑक्सिजन, वर पंधरा टक्के जास्तीचा, यासाठी ५०० किलो हवा लागते, कारण हवेत वजनाने ऑक्सिजन चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ती २५० बारपर्यंत दाबायला किलोमागे सुमारे ०.२ युनिट, म्हणजे एकूण शंभर. शुद्ध ऑक्सिजन वापरला तर कॉम्प्रेसर लहान होतो, पण ऑक्सिजन बनवायला कुठेतरी वीज गेलेलीच असते.

थोडक्यात, आजच्या यंत्रांत वीज विकायचं स्वप्न बाजूला ठेवावं. स्वतःच्या खर्चातली बरीचशी वीज भागली तरी उत्तम. गरम पाण्याचा उपयोग मात्र आहे. शेजारी बायोगॅसची टाकी असेल तर ती ३५ अंशांना ठेवायला ते चांगलं.

मीठ

कागदावर वरचं सगळं १९८० च्या दशकातच जमलं होतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये मायकेल मोडेल यांनी यावर काम केलं आणि मोडार नावाची कंपनी काढली. टेक्सासमधल्या ऑस्टिनला हंट्समन कंपनीच्या आवारात १९९४ मध्ये औद्योगिक सांडपाण्यासाठी पहिलं व्यावसायिक यंत्र सुरू झालं. शहराच्या गाळासाठी टेक्सासमध्येच, हार्लिंजन गावी २००१ मध्ये यंत्र बसलं. ते फार काळ टिकलं नाही. हीट एक्स्चेंजरच्या नळ्या गंजून गेल्या. जपानमध्ये कोबेला २००० च्या सुमारास उभारलेलंही काही वर्षांनी थांबलं. जळणं व्हायचं तसं होत होतं, आणि अडत होतं ते नळ्यांपाशी.

गाळात क्षार असतात: मीठ, सल्फेट, फॉस्फेट. साध्या पाण्यात लिटरमागे साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळतं. सुपरक्रिटिकल झाल्यावर किलोभर पाण्यात एक ग्रॅमही राहत नाही. म्हणजे ज्या क्षणी पाणी तो टप्पा ओलांडतं त्याच क्षणी, त्याच जागी, सगळा क्षार बाहेर पडतो. सोडियम सल्फेटसारखे क्षार चिकट असतात. भिंतीवर बसतात, त्यावर राख बसते, आणि तासाभरात नळीचं तोंड अर्धं होऊ शकतं. दाबाचा काटा हळूहळू वर सरकायला लागला की ओळखायचं.

यावर अनेक युक्त्या निघाल्या. मोडारच्या रचनेत उभं भांडं होतं: वर सुपरक्रिटिकल भाग, तळाशी मुद्दाम थंड ठेवलेलं पाणी. क्षार खाली पडतात, थंड पाण्यात पुन्हा विरघळतात आणि तळातून काढून घेतात. दुसरी युक्ती म्हणजे सच्छिद्र अस्तर; त्यातून सतत स्वच्छ पाणी पाझरत राहतं आणि भिंतीला काही चिकटूच देत नाही. तिसरी सोपी: नळीतला वेग इतका ठेवायचा की चिकटायला उसंत मिळू नये, आणि ठरावीक वेळाने थंड पाण्याने धुवायचं. धुताना यंत्र थांबतं, तापलेला धातू थंड होतो, पुन्हा तापतो. प्रत्येक फेरीत सांधे थोडे थोडे थकतात.

गंजाची गंमत वेगळीच आहे. सगळ्यांना वाटतं सर्वांत गरम भाग आधी गंजेल. तसं नसतं. गाळातल्या क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, गंधकाचं सल्फ्युरिक, फॉस्फरसचं फॉस्फोरिक. पण आम्लाने धातू खायचा तर आधी त्याचे आयन सुटे व्हावे लागतात, आणि त्यासाठी दाट पाणी हवं. ६०० अंशांच्या विरळ पाण्यात ते फारसे सुटेच होत नाहीत. ३०० ते ३७४ अंशांच्या पट्ट्यात मात्र पाणी दाटही असतं आणि भरपूर गरमही. तिथे गंज सर्वांत वाईट. हा पट्टा नेमका तापवायच्या आणि निववायच्या नळ्यांत येतो. हार्लिंजनला नळ्याच का गेल्या, त्याचं कारण यात आहे.

धातू बदलून प्रश्न सुटत नाही. इनकोनेल ६२५ किंवा हॅस्टेलॉय सी-२७६ सारखे निकेलचे मिश्रधातू बऱ्याच ठिकाणी चालतात, पण गरम हायड्रोक्लोरिक आम्लात खंगतात. टायटॅनियम हायड्रोक्लोरिकला पुरून उरतं, पण अतिगरम सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिकपुढे हात टेकतं. सगळ्या आम्लांना सगळ्या तापमानांत पुरेल असा एक धातू नाही. आम्ल मारायला कॉस्टिक सोडा घातला तर क्षार वाढतात, आणि आपण पुन्हा तुंबलेल्या नळीशी येऊन उभे.

आधीची पिढी

३७४ अंशांच्या खाली राहूनही गाळ पाण्यात जाळता येतो. त्याला ‘वेट एअर ऑक्सिडेशन’ म्हणतात. फ्रेडरिक झिमरमन विस्कॉन्सिनमध्ये कागद कारखान्याच्या टाकाऊ द्रावापासून व्हॅनिलाच्या वासाचं रसायन बनवू पाहत होते, त्यातून ही पद्धत निघाली. १९६० च्या दशकात शिकागोच्या गाळावर ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १५० ते ३२० अंश, तासभर वेळ. नेदरलँड्समध्ये अपेलडोर्नला तर यासाठी जमिनीत सुमारे १,२०० मीटर खोल विहीर खणली: वरच्या पाण्याच्या वजनानेच तळाशी दाब तयार व्हावा म्हणून. डोकं भारी लावलं होतं! ब्रसेल्सच्या उत्तर केंद्रावरही या पद्धतीचं यंत्र बसवलं.

हिचा तोटा म्हणजे काम अर्धवट राहतं. अ‍ॅसिटिक आम्ल आणि अमोनिया जळत नाहीत, ते पाण्यात उरतात, आणि ते पाणी परत केंद्राच्या तोंडाशी न्यावं लागतं. वासही फार. बऱ्याच शहरांनी पुढे ती बंद केली. आणखी एक गल्लत टाळावी: युरोपात ठिकठिकाणी दिसणारी १६५ अंश आणि सहा बारची ‘थर्मल हायड्रॉलिसिस’ ही यांपैकी काहीच नाही. तिथे ऑक्सिजन नसतो. गाळ फक्त शिजवून मऊ करतात, म्हणजे बायोगॅस जास्त निघतो. नॉर्वेत हामारला १९९५ पासून ती चालू आहे.

स्फोट तर होणार नाही ना?

२५० बार ऐकून भीती वाटणं साहजिक आहे. रिक्षातल्या सीएनजी टाकीत २०० बार असतात, तेही पेटणाऱ्या वायूचे. इथे आतला साठा लहान असतो, हे खरं संरक्षण. तासाला एक टन गाळ घेणाऱ्या यंत्रात, नुसत्या पाण्याचा हिशेब धरला तर, ६०० अंशांना अर्ध्या मिनिटाचा साठा म्हणजे सव्वाशे लिटरच्या आत आणि वजनाने आठ-नऊ किलो. धोका वेगळीकडे आहे. ऑक्सिजनच्या नळीत तेलाचा किंवा ग्रीसचा अंश राहिला तर ती नळी स्वतःच पेटते. दुसरा धोका सुरू करतानाचा: इंधन आधी गेलं, पेटलं नाही, आणि मग साचलेलं एकदम पेटलं तर. म्हणून तापमान ठरलेल्या आकड्यावर गेल्याशिवाय इंधनाचा आणि गाळाचा व्हॉल्व्ह उघडूच नये अशी कुलपं यंत्रात घातलेली असतात. ती तात्पुरती ‘बायपास’ करायचा मोह कुठल्याही कारखान्यात होतो. इथे तो परवडणारा नाही.

बाहेर काय येतं?

वायू बाहेर येतो त्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, उरलेला ऑक्सिजन आणि थोडा नायट्रस ऑक्साइड. तापमान भट्टीपेक्षा कमी असल्याने नायट्रोजनची घातक ऑक्साइडं जवळपास होत नाहीत. पाणी स्वच्छ दिसतं, पण स्वच्छ दिसणं पुरेसं नाही: यंत्राच्या धातूतून सुटलेलं क्रोमियम अशा ऑक्सिजनयुक्त पाण्यात त्याच्या विषारी, सहा-संयुजी रूपात येऊ शकतं. त्याची तपासणी करारात लिहून घ्यावी. राख पांढरट-तांबूस, पिठासारखी. गाळातले जड धातू नाहीसे होत नाहीत. ते तिच्यातच असतात. फॉस्फरसही तिथेच असतो आणि आम्लाने धुऊन परत काढता येतो, ही चांगली बाजू.

पीएफएएसबाबत निकाल चांगले आहेत. ६०० अंशांच्या आसपास कार्बन-फ्लोरिनचा बंध तुटतो आणि आग विझवायच्या फेसावरच्या चाचण्यांत ९९ टक्क्यांहून अधिक रसायन नष्ट झालेलं दिसलं. तुटलेल्या फ्लोरिनचं हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते मारायला कॉस्टिक सोडा लागतो, त्याचा क्षार होतो. पुढचं वर आलंच आहे.

शेतात का नाही टाकायचा? बायोगॅस का नाही?

टाकावा, जिथे चालेल तिथे. छोट्या शहराचा, कारखान्यांचं पाणी न मिसळलेला, जंतू मारलेला आणि धातूंसाठी तपासलेला गाळ शेताला उपयोगीच आहे, आणि त्याला जाळणं म्हणजे नत्र हवेत सोडणं. बायोगॅसही आधी काढावाच. त्यात गाळातला जळणारा भाग साधारण निम्मा कमी होतो. पण उरलेल्या निम्म्याचं काय, हा प्रश्न तिथेच राहतो, आणि पीएफएएसला बायोगॅसचे जिवाणू हात लावत नाहीत. सेप्टिक टँकच्या गाळासाठी साताऱ्यातल्या वाईला गाळ वाळवून ऑक्सिजनशिवाय भाजण्याचा, म्हणजे पायरोलिसिसचा, मार्ग निवडला गेला. त्या आकाराच्या गावाला २५० बारचं यंत्र नेणं म्हणजे हौस.

मुंबई-पुण्याला विकायला आलं तर

सध्या गाळासाठी ज्यांची चर्चा आहे त्यांत ड्यूक विद्यापीठातल्या कामातून पुढे आलेलं, हवा वापरणारं एक यंत्र आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या सांडपाणी संस्थेने त्याची चाचणी हाती घेतली. क्षमता दिवसाला सहा टन ओला गाळ. मुंबईच्या अडीच हजार टनांसमोर हा आकडा ठेवला की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. शिवाय मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या गटारांत भरतीचं खारं पाणी शिरतं, म्हणजे गाळात क्लोराइड जास्त. आणि पावसाळ्यात माती वाढते, म्हणजे जळणारा भाग कमी. दोन्ही गोष्टी या यंत्राला वैरी.

माझ्या मते आपल्याकडे याचा पहिला खरा उपयोग शहरी गाळाला होणार नाही. औषध आणि रसायन कारखान्यांचा जो थोडा पण विषारी द्रव कचरा आज महागड्या भट्ट्यांत जातो, तिथे टनामागे जास्त पैसे मोजायची तयारी असते आणि कचऱ्याची घडण रोज बदलत नाही. गाळाचं यंत्र त्यानंतर.

तरीही कोणी महापालिकेच्या दारात आलंच, तर ‘९९.९ टक्के नष्ट’ या आकड्यावर थांबू नये. तो सगळ्यांकडे असतो. विचारावं ते असं: गाळावर, तेही खऱ्या गाळावर, यंत्र न थांबता सलग किती तास चाललं? क्लोराइड आणि राख किती होती? थांबलं तेव्हा कशाने थांबलं, आणि धुऊन पुन्हा चालू व्हायला किती वेळ गेला? हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांची जाडी वर्षाच्या सुरुवातीला किती होती आणि शेवटी किती? टनामागे वीज किती, हवेच्या कॉम्प्रेसरसकट? आणि चाचणी ऑगस्टमधल्या गाळावर करून दाखवणार का?